मोटरहोमचे दोन्ही सिंक ड्रेन बदलले, पण फक्त बिलात

अमेरिकेत जुनं मोटरहोम घेऊन फिरणाऱ्या आपल्या लोकांनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितो आहोत. कॅम्पग्राउंडवर येऊन काम करणाऱ्या मेकॅनिकने किचन आणि बाथरूम, दोन्ही सिंकचे ड्रेन बदलल्याचे पैसे घेतले. बिलावर दोन जाळ्या (सिंकच्या भोकात बसतात त्या), दोन पी-ट्रॅप (सिंकखालचा वाकडा पाइप, ज्यात साठलेलं पाणी वास अडवतं), एक व्हेंट व्हॉल्व्ह (ड्रेनच्या पाइपात हवा घेणारी झडप) आणि तीन तासांची मजुरी. प्रत्यक्षात नवा निघाला एकच ट्रॅप, तोही चुकीचा बसवलेला.

मूळ दुखणं साधं होतं. हिवाळ्यात गाडी बंद ठेवताना ट्रॅपमध्ये गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, ओतलं गेलं नव्हतं. ट्रॅपच्या वाकात साठलेलं पाणी गोठून फुगलं आणि प्लास्टिकला तडा गेला. असा ट्रॅप 10-15 डॉलरला मिळतो. मेकॅनिकने मात्र आधी ‘ग्रे टँक फुटलाय’, म्हणजे सिंकचं वापरलेलं पाणी साठवणारी गाडीखालची टाकी फुटलीय, असं सांगितलं. ते ऐकून घाबरू नका. टँक फुटला असेल तर पाणी सिंक न वापरताही गाडीखाली ठिबकतं. सिंकखालचं कपाट ओलं होत असेल आणि तेही सिंक सोडल्यावरच, तर गळती सिंक आणि टँक यांच्या मधल्या जोडांत असते.

काम चाळीस मिनिटांत आटोपलं, आणि लगेच नळ सोडून ‘बघा, एक थेंब नाही’ असं दाखवलं गेलं. संशय इथेच यायला हवा होता. जाळी, म्हणजे आपले प्लंबर जिला वेस्ट कपलिंग म्हणतात ती, खरोखर बदलायची तर खालचा चेकनट सोडवावा लागतो. मग सिंकच्या भोकाभोवतीचं जुनं सीलंट खरवडायचं, जागा अल्कोहोलने पुसून कोरडी करायची, जाळीच्या कडेखाली सिलिकॉनची अखंड रेघ द्यायची आणि खालून रबर वॉशर, त्यावर पुठ्ठ्याची चकती, मग चेकनट. सिलिकॉन पक्कं व्हायला साधारण 24 तास लागतात. त्यामुळे जाळी बसवल्याबरोबर पाणी सोडून दाखवणाऱ्याने एक तर जाळी बदललेलीच नसते, नाही तर सिलिकॉन वाया घालवलेलं असतं. काही जण सिलिकॉनऐवजी प्लंबरची पुट्टी लावतात. स्टीलच्या सिंकला जाळीही धातूची असेल तर ती चालते, पण मोटरहोममध्ये सिंक आणि जाळी बरेचदा प्लास्टिकची असते आणि पुट्टीतल्या तेलाने प्लास्टिक तडकू शकतं.

डोंगरातून दोन दिवस गाडी चालली आणि कपाटाची फळी फुगली. टॉर्च घेऊन खाली पाहिलं तेव्हा किचनच्या जाळीचा चेकनट गंजलेलाच होता, त्यावर पान्याची एकही ताजी खूण नव्हती. जुन्या मळावरच बाहेरून सिलिकॉन थापलेलं. नखाने ओढताच सबंध पट्टी निघून आली. ट्रॅपच्या नटांच्या आट्यांना पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली. या जोडात आटे पाणी अडवतच नाहीत, पाणी अडवतो तो आतला निमुळता वॉशर. टेपने फक्त नट घट्ट झाल्यासारखा वाटतो. वॉशरची निमुळती बाजू नटाकडे नाही, जोडाच्या तोंडाकडे हवी. उलटा बसला तर कितीही आवळा, पाणी येणारच. नट हाताने घट्ट करून वर फार तर पाव फेरा द्यायचा. पान्याने जोर लावला की प्लास्टिकचा नट चिरतो.

बाथरूमखालचा प्रकार याहून वाईट होता. गाडीचा मूळ पाइप काळा, म्हणजे एबीएस या प्लास्टिकचा. त्यावर पांढरा पीव्हीसी ट्रॅप, पीव्हीसीच्या सोल्युशनने चिकटवलेला. या जोडीचा भरवसा नसतो, गाडीच्या हादऱ्यांत तर नाहीच. हाताने जरा पिरगळलं तर जोड सुटून आला. काळ्याला काळाच पाइप आणि एबीएसचंच सोल्युशन हवं. दोन जाती जोडायच्याच असतील तर रबरी कपलिंग आणि दोन क्लॅम्प. व्हेंट व्हॉल्व्हही जुनाच होता, रबर कडक पडलेलं. म्हणून सिंक रिकामं होताना गुडगुड आणि कपाटात वास. हा व्हॉल्व्ह हाताने फिरवून निघतो, बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि तेवढंही केलेलं नव्हतं.

काम सांगण्याआधी सिंकखालचे फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक जुन्या भागावर मार्करने बारीक खूण करा. अंदाजपत्रकात ‘ड्रेन दुरुस्ती’ एवढंच लिहू देऊ नका. जाळी किती, ट्रॅप कोणत्या प्लास्टिकचा, पाइप किती इंची (बहुतेक ठिकाणी दीड), हे लिहून घ्या. जुने भाग परत हवेत, हे आधीच सांगा. या एका अटीवरच बरेच जण काम नाकारतात, तर नाकारू द्या.

तपासणी नळ सोडून होत नाही. सिंक बुच लावून काठोकाठ भरा, एकदम सोडा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू फिरवा. मग गाडी तासभर खडबडीत रस्त्यावर चालवून पुन्हा हेच करा. उरलेले पैसे त्यानंतर द्या, आणि शक्यतो क्रेडिट कार्डाने. बिलातलं काम झालंच नसेल, तर ती रक्कम ज्या स्टेटमेंटमध्ये पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून 60 दिवसांत बँकेकडे लेखी तक्रार पोहोचायला हवी. सोबत आधीचे आणि नंतरचे फोटो जोडा, मार्करची खूण दोन्हींत दिसेल असे.