आठ महिने वर्कस्पेस फाइलवर: व्हीएस कोडचा माझा अनुभव

आमचं काम तीन रेपोंत (गिट या बदल-नोंद ठेवणाऱ्या साधनाने सांभाळलेल्या कोडच्या फोल्डरांत) पसरलंय: बॅकएंड, फ्रंटएंड आणि डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्ट्स. दोन वर्षं मी व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या तीन विंडो उघड्या ठेवून ऑल्ट-टॅब बडवत होतो. एका विंडोत अनेक फोल्डर घेण्याची सोय (म्हणजे अनेक फोल्डरांचं वर्कस्पेस) त्यात 2017 पासून आहे, पण मी तिकडे वळलो ते लोकल, म्हणजे माझ्याच मशीनवरचा, समजून स्टेजिंगचा (रिलीजआधी चाचणी घ्यायच्या सर्व्हरवरचा) डेटाबेस रिसेट केल्यावर. चूक शंभर टक्के माझी.

जमवायला पाच मिनिटं लागली. ‘ॲड फोल्डर टू वर्कस्पेस’ म्हणत तिन्ही फोल्डर घेतले, सेव्ह केलं, की नावाच्या शेवटी ‘डॉट कोड-वर्कस्पेस’ असलेली छोटीशी जेसॉन (साध्या मजकुराची) फाइल तयार. त्यात प्रत्येक फोल्डरला आपलं नाव देता येतं. सर्च एकदम तिन्हीकडे होतो, नवा टर्मिनल (कमांड द्यायची चौकट) उघडताना कुठल्या फोल्डरमध्ये ते विचारतो.

पण खरा फायदा झाला रंगाचा. स्क्रिप्ट्सचा तोच फोल्डर घेऊन स्टेजिंगसाठी दुसरी वर्कस्पेस फाइल केली आणि तिची टायटल बार लालभडक. आता एंटर दाबण्याआधी बोट आपोआप थबकतं.

या रंगापायी एक अख्खी दुपार गेली, तेही सांगतो. मी तो आधी फोल्डरच्या सेटिंगमध्ये लिहिला होता. यूजर, वर्कस्पेस, फोल्डर अशी उतरंड आहे आणि शेवटी फोल्डरचं चालतं, एवढंच डोक्यात होतं. मात्र अनेक फोल्डर असले की अख्ख्या विंडोला लागू होणारी सेटिंग्ज फोल्डरच्या पातळीवर धरलीच जात नाहीत. ती ओळ तिथे फिकट दिसत होती, माझंच लक्ष नव्हतं.

आठ जीबी रॅमच्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर पायथन आणि टाइपस्क्रिप्ट या भाषांची एक्स्टेंशन्स (एडिटरला जोडलेली छोटी साधनं) एकत्र चालली की पंखा कोकलायचा. नको ती एक्स्टेंशन्स ‘डिसेबल वर्कस्पेस’ करून थोडी उसंत मिळाली. एकच फाइल बघायची असेल तर मी अजूनही साधा फोल्डर उघडतो.

आणि हो, वर्कस्पेस फाइल मी तिन्ही रेपोंच्या बाहेर, वरच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. म्हणजे गिटमध्ये कुठेच नाही. लॅपटॉप बदलला तेव्हा सगळं पुन्हा लिहावं लागलं, लाल रंगाचा कोडसुद्धा आठवेना. आता ती स्क्रिप्ट्सच्या रेपोत असते, बाकी दोन रेपोंचे पाथ दोन टिंबांनी (म्हणजे एक फोल्डर वर) सुरू होतात, आणि टीममध्ये नवीन येणाऱ्याला एवढंच सांगतो: तिन्ही रेपो शेजारी-शेजारी क्लोन कर, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवून घे.