भाऊचा धक्का ते रेवस लाँच: तिकिटाआधी तिथी बघा

गेल्या बुधवारी आईला घेऊन मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे अलिबागकडच्या रेवसला आले. आई ८१ वर्षांची, गुडघे दुखरे. मी मांडव्याच्या रो-रोचंच तिकीट काढणार होते. ती २०२०पासून इथूनच सुटते, साधारण तासाभरात पलीकडे पोचते, आत एसी हॉल आहे आणि गाडी थेट बोटीच्या पोटात जाते. आई म्हणाली, "रेवसच्या लाँचने ने. सासरी आले ती याच वाटेने."

म्हणून हा अनुभव लाँचचा.

डॉकयार्ड रोड स्टेशनवरून टॅक्सी केली. सकाळी धक्क्यावर मासळीचा बाजार ऐन भरात असतो. बर्फाचे ट्रक, डोक्यावर टोपल्या, पायाखाली ओलं. वयस्क माणूस बरोबर असेल तर अर्धा तास हातात ठेवा आणि पायात घट्ट चप्पल घाला. तिकिटाची खिडकी शोधायला त्रास झाला नाही, पण बसायला सावलीतली जागा कमी आहे.

या धक्क्याला सरकारी कागदावर फेरी व्हार्फ म्हणतात, तरी लोकांच्या तोंडी नाव भाऊंचंच. हे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य. एकोणिसाव्या शतकात मुंबई बेटावर उतरणाऱ्या उतारूंना मचव्यातून चिखलात उतरून काठ गाठावा लागायचा. ते हाल बघून त्यांनी धक्का बांधला. आजचा धक्का त्या मूळ जागेवर नाही, नाव मात्र इकडे आलं. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायाला चिखल लागू नये एवढ्यासाठी केलेलं काम मला फार मोठं वाटतं. कारण पुढे रेवसला काय झालं ते सांगतेच.

लाँच लाकडी, खाली एक आणि वर एक अशी बसायची सोय. चढताना धक्का आणि लाँच यांच्यामध्ये पाणी हेलकावत असतं. खलाशाने आईचं कोपर धरलं, म्हणाला, "आजी, घाई नको. मी सांगेन तेव्हाच पाय टाका." दोन लाटा जाऊ दिल्या, तिसरीला लाँच वर आली तसं "आता" म्हणाला. आई आत. असं माणूस ओळखून चढवणं मला मोठ्या बोटींवर क्वचितच दिसलंय. या सेवेला पैकीच्या पैकी.

लाइफ जॅकेटबद्दल मात्र राग आला. जॅकेटं होती, पण छताजवळ एकाच दोरीत गाठोडं करून बांधलेली. मागितल्यावर सोडून दिली, स्वतःहून कोणी दिली नाहीत. याच बंदरात डिसेंबर २०२४मध्ये घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, माणसं गेली. त्यानंतर तरी गाठ सुटायला हवी होती.

आणि आमच्या घरात ही गोष्ट फक्त बातमीतली नाही. १७ जुलै १९४७ला सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसलाच निघाली होती. अमावास्या तोंडावर, सणाला घरी निघालेले चाकरमानी खच्चून भरलेले. काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटेने बोट कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि ती उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे शहराला कित्येक तास पत्ताच नव्हता. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळी समुद्रात लोटली आणि जमतील तेवढी माणसं मचव्यांत ओढून घेतली. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ त्या बोटीवर होते. ते सापडले नाहीत. 'रामदास' ज्या कंपनीची, तिच्याच 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी त्याआधी वीस वर्षं, ११ नोव्हेंबर १९२७ला, एकाच दिवशी बुडाल्या होत्या. आजी मरेपर्यंत लाँचमध्ये कडेला बसली नाही. आईसुद्धा मध्यावरच बसते. म्हणून म्हणते, लाँचवाल्यांनी जॅकेट हातात द्यावं, उतारूने मागायची वेळ येऊ नये.

प्रवास सव्वा तासाचा. डिझेलचा वास आणि इंजिनाची धडधड आहेच, ज्यांना त्रास होतो त्यांनी वर बसावं. समुद्र शांत होता. बरोबर बोडणीच्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परतत होत्या, दोन शाळामास्तर, एक आजारी गृहस्थ इस्पितळाच्या फायली सांभाळत. अटल सेतू झाल्यावर लाँचची गरज काय, असं मला पुण्यातल्या नातेवाइकांनी विचारलं. त्या पुलावर दुचाकी आणि रिक्षाला परवानगी नाही, आणि पूल उतरल्यावरही रेवसला यायचं तर पेणवरून धरमतरची खाडी ओलांडून फिरून यावं लागतं. गाडी नसलेल्याने काय करायचं?

आता रेवस. धक्का समोर दिसत होता आणि लाँच थांबली. ओहोटी, आणि बंदरात गाळ. एक खलाशी पुढे बांबूने पाणी मोजत राहिला. चाळीस मिनिटं आम्ही उन्हात तिथेच, समोर एसटी उभी दिसतेय आणि निघून गेली. गाळ काढायचं काम लाँचवाल्याचं नाही, हे मला कळतं. पण तिकीट देताना "पाणी कमी आहे, वेळ लागेल" एवढं सांगता आलं असतं. खिडकीवर खडूने भरतीची वेळ लिहिली तरी पुरे.

आईने बसल्या जागी बोटं मोजली. "पंचमी आज. पाचाचे पाऊणपट पावणेचार. पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी सुकतीच असणार." इकडे सगळ्यांना येणारा हिशेब आहे हा: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ, तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे सुकती, म्हणजे ओहोटी. मी चाळीस वर्षं मुंबईत राहून विसरले होते.

रो-रो आणि मांडव्याच्या बोटी आरामाच्या आहेत. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या काही बोटींच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बसही असते. व्हीलचेअर असेल, सामान फार असेल तर तिकडेच जा. पण रेवस, बोडणी, सारळ, हाशिवरे या पट्ट्यात घर असेल आणि पाणी भरलेलं असेल, तर ही लाँच तुम्हाला घराजवळ सोडते. माझे पाचपैकी तीन तारे. जॅकेटं बाकांवर ठेवली तर चार देईन.

परतीचं आईने ठरवून टाकलंय. सोमवारी दशमी, सकाळी साडेसातला भरती. त्या सुमाराची लाँच धरायची, म्हणजे धक्क्यावरून सरळ आत.