चितार आळीतली फणसाची फळी, दोन पावसाळ्यांनंतर

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सावंतवाडीच्या चितार आळीतून भाजी चिरायची फळी घेतली. रंगीत लाकडी फळं आणि खेळणी पुढे मांडलेली, त्यामागे भिंतीला टेकवून चार फळ्या. उचलली तेव्हाच वजन लागलं. फणसाचं लाकूड, अखंड, कुठे सांधा नाही. १४ बाय १० इंच, जाडी सव्वा इंच. ९०० रुपये दिले. वेंगुर्ल्यात आमची घरगुती खानावळ आहे, रोज चार किलो कांदा या एका फळीवर चिरला जातो. म्हणजे तिची परीक्षा पुरेशी झाली आहे.

लाकूड उत्तम. सुरीची धार टिकते, फळी ओट्यावर सरकत नाही. आणली तेव्हा पिकल्या गऱ्यासारखी पिवळी होती, आता गुळाच्या रंगावर आली आहे. ओल्या हळदीचा डाग तिच्यावर दिसतच नाही. कुयरी, म्हणजे कोवळा फणस, चिरताना चीक चिकटतो, तो मात्र पाण्याने निघत नाही. खोबरेलाचा बोळा फिरवायचा आणि लगेच साबणाने धुवायचं.

खोबरेलाचं काम तेवढंच. दुकानात मला सांगितलं होतं, "वैनी, खोबरेल लावीत ऱ्हवा, धा वर्सां खय जावची नाय." मीही घाण्यावरचं तेल हौसेने चोळत राहिले. श्रावणात फळी चिकट झाली, कडेला काळे ठिपके आले, आणि एका जेवणाऱ्याने काकडीच्या कोशिंबिरीला वास येतो म्हणून वाटी बाजूला सारली. फळी नाकाशी धरली तर खवट वास. त्या रात्री मला झोप आली नाही. खोबरेल इतर खाद्यतेलांपेक्षा उशिरा खवटतं, पण खवटतं. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तर त्याआधीच.

मग जाडं मीठ आणि अर्धं लिंबू घेऊन घासली, धुऊन सावलीत तीन दिवस उभी ठेवली. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने वरचा थर काढला, २२० ने गुळगुळीत केली. मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणलं, बद्धकोष्ठाला पोटात देतात तेच. त्याला वास नाही, चव नाही आणि ते खवटत नाही. बाटली गरम पाण्यात ठेवायची, कोमट तेल सुती फडक्याने दोन्ही बाजूंना चोळायचं. दोन्ही टोकांना, जिथे लाकडाच्या शिरा कापलेल्या दिसतात, तिथे दुप्पट, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी उरलेलं पुसायचं. पहिला आठवडा रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, पुढे महिन्याला. आपल्याकडच्या पावसात मात्र पंधरा दिवसांनी. शंका आली तर पाण्याचा थेंब टाकून पाहा; उभा राहिला तर ठीक, जिरला तर तेल द्या.

ऑक्टोबरात जाऊबाईंनी चांगल्या मनाने ती खळ्यात कडक उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत एका टोकाला बोटभर चीर. ती अजून आहे, वाढलेली नाही. ओली फळी ओट्यावर आडवीही टाकू नका. खालची बाजू ओली राहते, वरची सुकते आणि फळी वाकते. धुतली की पुसा आणि कडेवर उभी करा, दोन्हीकडून वारा लागला पाहिजे. भिजत तर कधीच घालू नका.

मासे या फळीवर नाहीत. बांगडे, कोळंबी परसात विळीवर. कोंबडीसाठी वेगळी फळी.

तर घ्यावी का? घ्यावी. पण चकचकीत वॉर्निश केलेली नको, सुरीखाली त्याचे पापुद्रे सुटून भाजीत जातात. कोरीच मागा. टोकाकडून बघा, खोडाच्या अगदी मधला गाभा फळीत आला असेल तर ती परत ठेवा. तिथून तडा जातोच. माझ्या फळीला गाभा नव्हता, म्हणून उन्हातूनही वाचली. येत्या मे महिन्यात लेकीसाठी छोटी घ्यायला जाणार आहे. दुकानदाराला तेलाचंही सांगणार आहे, त्यांच्याकडून पुढे फळी नेणाऱ्यांसाठी.