खोक्यावर चार कोंबड्या, आत जागा दोघींची: जुळणीच्या लाकडी खुराड्याचे परीक्षण

चपट्या खोक्यात सुटे भाग, त्यातून चार पायांवरची झोपायची खोली, कडेला अंड्यांची पेटी आणि पुढे जाळीचे अंगण. परसात चार कोंबड्या पाळायच्या म्हटले की हे खुराडे हमखास सुचवले जाते. वरचे नाव बदलते, नमुना तोच राहतो. इथे विचारात घेतलेला संचही त्याच नमुन्याचा: खोली बाहेरून 3 बाय 2 फूट, अंगण 5 बाय अडीच फूट आणि खोक्यावर छापलेले ‘4 ते 6 कोंबड्यांसाठी’.

तो छापील आकडा आधी खोडून टाका. खोली आतून मोजली की 33 बाय 21 इंच भरते, म्हणजे पावणेपाच चौरस फूट. कोंबडीमागे 4 चौरस फूट हा नेहमीचा हिशोब धरला तर यात एकीचीच सोय झाली. खोली फक्त रात्रीपुरती असेल आणि उजाडताच अंगणाचे दार उघडणार असेल, तर 2 चौरस फुटांतही भागते, मग दोघी. अंगण साडेबारा चौरस फुटांचे, तेही खोलीखालची जागा धरून, आणि एका कोंबडीला तिथे 8 ते 10 चौरस फूट हवेत. म्हणजे दोन कोंबड्यांनाही दिवसातून काही तास बाहेर सोडावे लागणारच. चार कोंबल्या की पिसे उपटणे, चोची मारणे, अंडी फोडून खाणे सुरू होते आणि खापर कोंबडीच्या स्वभावावर फुटते.

जुळणी अवघड नाही. दोन माणसांचे दोन तासांचे काम. मात्र फळ्या जेमतेम 12 मिलिमीटर जाडीच्या आणि लाकूड मऊ, त्यामुळे स्क्रू थेट पिळला तर कडेची फळी चिरते. आधी बारीक छिद्र पाडून घ्या. रंगाचे दोन हात जुळणीपूर्वी द्या, विशेषतः फळ्यांच्या कापलेल्या टोकांना आणि पायांच्या तळव्यांना. पाणी तिथूनच वर चढते. पाय मातीत न टेकवता विटेवर ठेवा.

सगळ्यात फसलेला भाग बसायच्या दांडीचा. संचातली दांडी इंचभर जाडीची, चौकोनी, तळापासून 3-4 इंचांवर. अंड्यांच्या पेटीचा उंबराही तेवढ्याच उंचीवर. कोंबडी रात्री मिळेल त्या उंच आणि सुरक्षित वाटणाऱ्या जागी बसते. दांडीत आणि पेटीत फरकच नसेल तर ती पेटीत झोपते, रात्रभर तिथेच शिटते आणि सकाळी अंडी बरबटलेली निघतात. पेटी रोज धुऊन हे सुटत नाही, दांडी उचलल्यावर सुटते. 2 इंच रुंदीची, कडा गोल घासलेली दांडी तळापासून 8 इंचांवर, खोलीच्या बरोबर मध्यावर बसवा. तिथे दोन्ही भिंती साडेदहा इंचांवर राहतात, शेपटी घासत नाही आणि छताचा सर्वांत उंच भाग डोक्यावर येतो. रुंद दांडीवर कोंबडीचा पंजा सपाट टेकतो, थंडीत बोटे पिसांखाली झाकली जातात आणि छातीच्या हाडावर येणारा भारही पसरतो. दांडी ठोकून टाकू नका. दोन टोकांना वरून उघडे खोबण द्या, म्हणजे ती उचलून काढता येईल. त्याचा उपयोग पुढे कळेल.

अंड्यांच्या पेटीत मधली फळी घालून दोन खण केलेत, प्रत्येकी 9 इंच रुंद. कोंबडीला फूटभर लांबी-रुंदी लागते. फळी काढून टाका. तीन-चार कोंबड्यांना एक खण पुरतो, आणि दोन दिले तरी बहुतेकदा सगळ्या एकाच खणासाठी रांग लावतात. झाकणाच्या बिजागरीतून पाणी झिरपते, तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पुरते.

हवेकडे तर पाहिलेलेच नाही. 8 बाय 6 इंचांची एकच खिडकी, म्हणजे 48 चौरस इंच. कोंबडीमागे साधारण 1 चौरस फूट उघडे हवे, दोघींसाठी 288 चौरस इंच. विष्ठेतून अमोनिया सुटतो, श्वासातून ओल. दोन्ही कोंडले की डोळे चुरचुरतात, श्वासाचे आजार जडतात, कडक थंडीत तुरे गोठतात. थंडी वाजेल म्हणून खिडकी बुजवणारे नेमके हेच ओढवून घेतात. कोरडी कोंबडी थंडी सोसते, ओली सोसत नाही. उपाय सोपा आहे: दोन्ही लांब भिंतींवर छपराखालची 4 इंचांची पट्टी कापा, मध्ये एक उभा ठोकळा राहू द्या आणि जाळी लावा. 33 बाय 4 इंचांच्या दोन पट्ट्यांचे 264 चौरस इंच होतात, खिडकी धरून 312. ठोकळा आणि जाळीची तार वजा जाता गरजेपुरते उरते. ही वाट बसलेल्या कोंबडीच्या डोक्यावरून जाते, त्यामुळे झोत अंगावर येत नाही. पावसाची झड आत येऊ नये म्हणून वळचण मात्र 2 इंचांवरून 5-6 इंचांपर्यंत वाढवावी लागेल. परीक्षा नाकाने होते: पहाटे दार उघडून दांडीच्या उंचीवर वास घ्या. नाकाला झोंबला तर हवा अजून कमी आहे.

जाळी षटकोनी छिद्रांची, पातळ तारेची. ती कोंबड्यांना आत ठेवते, इतरांना बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, मुंगूस फटीतून घुसतो. अर्धा इंची चौकोनी, 1 मिलिमीटर तारेची वेल्डमेश घ्या आणि चौकटीच्या बाहेरच्या अंगाला वॉशर-स्क्रूने आवळा. संचात जाळी आतून पिनांनी टाचलेली आहे. बाहेरून ढकलली की पिना सुटतात. उकरणारी जनावरे भिंतीच्या मुळाशीच उकरतात, मागे सरकून नव्हे. म्हणून अंगणाभोवती दीड फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी अंथरून तळपट्टीला बांधा. कोपरे धरून 21 फूट लागते. दारांच्या ढिल्या कड्यांत स्प्रिंगचा हूक अडकवला की पुरे.

विष्ठेचा ट्रे इंचभर खोल, आणि मागे भुसा साचला की अडकतो. आठवड्यातून एकदा पूर्ण बाहेर काढलात तर चालून जाईल.

छपरावरचे डांबरी कापड मात्र काढाच. त्याखाली लाल माइट (रक्त पिणारे बारीक किडे) ठाण मांडतात: दिवसा फटीत, रात्री अंगावर, रक्त पिऊन उजाडण्याआधी परत. रिकाम्या खुराड्यातही ते महिनोन्‌महिने तग धरतात. कापडाऐवजी पन्हळी पत्रा लावा, खाली पट्ट्या देऊन हवेला फट ठेवा. दर आठवड्याला ती सुटी दांडी उचलून तिची टोके आणि खोबण तपासा. पांढरा कागद खालून फिरवल्यावर लाल रेघ उमटली तर माइट आले.

एवढे केल्यावर मूळ संचातले उरते काय? सांगाडा, दारे, चढायची फळी. त्यातलीही फळी ठीकच. गंमत अशी की ज्याला करवत आणि ड्रिल चालवता येते त्याला हा संच नकोच, आणि ज्याला येत नाही त्याच्या हातून हे बदल होणार नाहीत. त्याने दोनच हलक्या जातीच्या कोंबड्या आणाव्यात आणि दांडी, जाळी, हवा एवढी तीन कामे सुताराकडून करून घ्यावीत. ज्याला चार पाळायच्या आहेत त्याने 4 बाय 4 फुटांची खोली स्वतः उभारावी: 16 चौरस फूट तळ, 4 फुटांची एक दांडी, वर 4 चौरस फूट उघडी हवा, आणि दार माणूस वाकून आत शिरेल एवढे. 8 बाय 4 फुटांचा प्लायचा तक्ता मधोमध कापला की एक तुकडा तळाला लागतो. दुसऱ्याची फूट-सव्वा फूट रुंद पट्टी कापून दांडीखाली शिट झेलायला लावा, उरलेल्यात अंड्यांची पेटी निघते.