परत हीच गाडी घ्याल का? थार, रॉक्स, जिम्नी आणि गुरखा : गोव्यातील खरेदीदारासाठी तुलना

चिखलात आणि चढावर चालणाऱ्या दणकट गाडीच्या मालकाला "गाडी कशी आहे?" असे विचारले, तर उत्तर बहुधा चांगलेच मिळते; पंधरा-वीस लाख रुपये मोजल्यावर स्वतःच्याच निवडीला नावे ठेवणे सहसा कोणाला जमत नाही. म्हणून गेल्या दोन पावसाळ्यांत मी ओळखीच्या मालकांना प्रश्न थोडा बदलून विचारू लागलो. उद्या ही गाडी चोरीला गेली आणि विम्याचे पूर्ण पैसे हातात आले, तर परत हीच घ्याल का? हे ऐकल्यावर माणूस क्षणभर थांबतो आणि मग मोकळेपणाने बोलू लागतो. सत्तरी तालुक्यातील एका कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) मालकाने ताबडतोब "होय" म्हटले. पर्वरीत राहणाऱ्या, दोन शाळकरी मुलांच्या वडिलांनी मात्र पत्नीकडे पाहिले, आणि उत्तर तिने दिले.

माझ्याकडे यांपैकी एक गाडी आहे. ती कोणती हे येथे मुद्दाम सांगत नाही, म्हणजे पुढील मजकूर वाचताना वाचकाला माझी बाजू शोधत बसावे लागणार नाही.

तुलनेसाठी चार गाड्या घेतल्या आहेत : महिंद्राची तीन दारांची थार (२०२०), तिचीच पाच दारांची थार रॉक्स (२०२४), मारुती सुझुकीची जिम्नी (२०२३) आणि फोर्सची गुरखा (२०२४ची नवी आवृत्ती). चौघींचा सांगाडा लॅडर फ्रेमचा, म्हणजे शिडीसारख्या पोलादी चौकटीचा आहे आणि चौघींमध्ये लो रेंज, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर मिळतात. जिम्नी आणि गुरखा केवळ चारही चाकांच्या जोराच्या मिळतात. थार आणि रॉक्स मात्र मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्वस्त रूपांतही विकल्या जातात, आणि ते रूप घेऊन नंतर हळहळणारे लोक मला भेटले आहेत. चौघींतही फोर व्हील ड्राइव्ह गरजेपुरते जोडायचे असते. कोरड्या डांबरावर ते जोडून वळणे घेतली, तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापत असल्यामुळे सगळा ताण गिअरच्या यंत्रणेवर येतो. ही साधी गोष्ट शोरूममध्ये फार कमी वेळा सांगितली जाते.

गोव्यातील खरेदीदाराने सर्वांत आधी रुंदीचा आकडा पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर आहे आणि रॉक्सची १८७०. फरक २२५ मिलिमीटरांचा, म्हणजे जवळजवळ एका वितीचा. कागदावर हे काहीच वाटत नाही. परंतु आपल्या वाड्यांवरच्या वाटा चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून जातात, एका बाजूला उघडे गटार असते, समोरून सायकलवर पोदेर (पाववाला) येतो आणि मागे शाळेची बस उभी असते, तेव्हा त्या एका वितीवर सगळे अवलंबून असते. रुंद गाडीच्या मालकांपैकी ज्यांचे घर मुख्य रस्त्याला लागून आहे, त्यांनी ही अडचण मला सांगितलीच नाही. ज्यांचे घर आत आहे, त्यांनी ती सर्वांत आधी सांगितली.

जिम्नीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिच्याबद्दलची मते सर्वांत जास्त टोकाची आहेत. गाडीचे वजन सुमारे १२०० किलो, म्हणजे चौघींत सर्वांत कमी. इंजिन दीड लिटरचे पेट्रोल, १०५ पीएस शक्तीचे आणि १३४ न्यूटन मीटर टॉर्कचे. टर्बो नाही, डिझेल नाही, आणि ऑटोमॅटिक घेतल्यास गिअर चारच. चार माणसे आणि एसी घेऊन चोर्ला घाट चढताना तिला खालच्या गिअरमध्ये ठेवूनच काम घ्यावे लागते. दर आठवड्याला बेळगावची फेरी करणारे एक गृहस्थ म्हणूनच "परत नाही" म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे.

पण वाळपईच्या पुढे ज्या कुळागराचा उल्लेख वर केला, तेथे मी श्रावणात स्वतः गेलो होतो. ओहोळापासून घरापर्यंत दीडशे मीटरांचा चढ आहे. जांभ्या दगडावर शेवाळ साचलेले, त्यावर पोफळीची झावळे आणि कुजलेली सुपारीची साले पसरलेली, आणि मधोमध पाण्याने कापलेली पन्हळ. तेथे मालकांच्या जिम्नीचे डावे मागचे चाक त्या पन्हळीत अधांतरी झाले आणि फिरू लागले. डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलमध्ये सगळा जोर अशा मोकळ्या चाकाकडे जातो आणि गाडी जागीच राहते. जिम्नीमध्ये त्या फिरणाऱ्या चाकाला संगणक आपोआप ब्रेक लावतो, त्यामुळे जोर पकड असलेल्या चाकाकडे वळतो. मालकांनी ॲक्सिलरेटर सोडला नाही. दोन-तीन सेकंद खालून करकर आवाज आला, आणि गाडी शांतपणे वर गेली. जड गाडीचे टायर याच जागी चिखलात रुतून बसतात, असे त्यांचे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी ज्यांनी वापरली आहे, त्यांना हलक्या गाडीचा हा गुण नव्याने सांगावा लागत नाही. या कुळागराच्या मालकासारख्या माणसाला २०८ लिटरची छोटी डिकी खटकत नाही, कारण मागची बाके पाडून तो सुपारीची पोतीच नेत असतो. मात्र ही गाडी चार माणसांची आहे. घरात पाचवे माणूस असेल, तर येथेच विचार थांबवावा.

तीन दारांची थार दिसायला सर्वांत देखणी आहे आणि तिचे २.२ लिटरचे डिझेल इंजिन, १३० अश्वशक्तीचे, घाटात मनापासून चालते. ग्लोबल एनकॅपच्या धडक-सुरक्षेच्या चाचणीत तिला २०२०मध्ये चार तारे मिळाले, आणि ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची तिची क्षमता गोव्याच्या पावसाला पुरेशी आहे. तरीही "परत घ्याल का?" या प्रश्नावर जास्तीत जास्त नकार मला तिच्याच मालकांकडून मिळाले. कारण यांत्रिक नाही. मागच्या बाकावर जायचे तर पुढचे आसन दुमडून, पाय उंच उचलून आत शिरावे लागते. चवथीला आईला माहेरच्या गावी न्यायचे असते. नऊवारी नेसलेली, गुडघे दुखणारी सत्तरीची आई त्या फटीतून आत कशी जाणार? तिला पुढे बसवले की पत्नी मागे, आणि मग मखराच्या सामानाला जागा उरत नाही. ज्यांच्या घरी दुसरी साधी गाडी आहे, त्यांनी मात्र आनंदाने होकार दिला. कापडी छताच्या थारविषयी इतकेच सांगतो की जून ते सप्टेंबर या काळात गोव्यातील दमट हवेत कापडाला बुरशी येते, तेव्हा समुद्रकिनाऱ्यावरच्या छायाचित्रांवर जाऊ नये.

रॉक्सने ही दारांची अडचण सोडवली. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २८५० मिलिमीटर आहे, तीन दारांच्या थारचे २४५०. त्यामुळे मागे बसणाऱ्याला खड्ड्यांचे धक्के कमी बसतात आणि डिकीही खरोखर डिकीसारखी झाली. सहा एअरबॅग सर्व प्रकारांत आहेत, मागे डिस्क ब्रेक आहेत, आणि भारत एनकॅपने धडक-चाचणीत तिला पाच तारे दिले. कुटुंबासाठी एकच गाडी घ्यायची असेल, तर चौघींत हीच योग्य, याबद्दल मला शंका नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. फोर व्हील ड्राइव्ह केवळ डिझेलमध्ये मिळते, आणि गाडी बाजारात आली तेव्हा त्या प्रकाराची किंमत शोरूममध्येच १८.७९ लाखांपासून पुढे होती. पंधरा लाखांच्या आत मिळणारी रॉक्स म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी गाडी. दुसरी गोष्ट आसनांच्या रंगाची. सुरुवातीला आलेल्या गाड्यांत हस्तिदंती रंगाची आसने होती, नंतर गडद तपकिरी रंगाचा पर्याय आला. डिचोली-सांग्याकडची तांबडी माती ज्याच्या चपलांना लागते, त्याने तपकिरीच मागावी. फिकट आसनांवरचे ते डाग धुऊनही पूर्ण जात नाहीत.

गुरखाविषयी थोडक्यात सांगता येते. पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलना चालकाने स्वतः लॉक करायची, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके एकत्रच फिरवायची सोय, ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता, कारखान्यातूनच बसवलेला स्नॉर्कल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) आणि १४० पीएसचे डिझेल : कामाची गाडी म्हणून इतरांपैकी कोणी तिच्या जवळ येत नाही. पाच दारांच्या गुरखात सात माणसे बसतात. उलट ऑटोमॅटिक गिअर नाही, एअरबॅग दोनच आहेत, आणि दैनंदिन शहरी वापरात तिचा आकार थकवतो. ज्यांना अशा गाडीचे काम आहे ते परत तीच घेतात. पण असे लोक फार थोडे आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते. गोव्यात अशी गाडी घेणारे अनेक जण दूधसागर आणि किनारा डोळ्यांसमोर ठेवतात. कुळ्याहून दूधसागरपर्यंतची वाट अभयारण्यातून जाते आणि पर्यटकांना तेथे स्थानिक जीपमधूनच जावे लागते. खासगी गाडीला प्रवेश नाही. किनाऱ्यावर गाडी चालवणे हा गुन्हा आहे, आणि पोलीस तो नोंदवतात. कायदा बाजूला ठेवला तरी वाळूतले खारे पाणी गाडी खाते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. भरतीच्या वेळी खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या सखल शेताच्या) बांधाजवळचा रस्ता पाण्याखाली होता, मी त्यातून गाडी काढली आणि दमल्यामुळे खालून धुतली नाही. पुढच्या पावसाळ्यात गाडी वर उचलली तेव्हा सस्पेन्शनचे बोल्ट इतके गंजले होते की मेकॅनिकला दोन कापूनच काढावे लागले. नवे बोल्ट आणि बुश यायला पाच आठवडे गेले. तेव्हापासून खोल पाण्यातून गेल्यावर मी डिफरन्शियलचे ऑइलही तपासून घेतो. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे आणि ऑइल लगेच बदलावे.

जुनी गाडी घेणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या थार आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या त्या गाड्या काही वर्षांनी खासगी नोंदणी करून विकल्या जातात. अनेक अनोळखी हातांनी चालवलेल्या गाडीचा क्लच आणि गिअरबॉक्स कसा असेल, हे सांगण्याची गरज नाही. आरसीचा (नोंदणी प्रमाणपत्राचा) पूर्वेतिहास वाहतूक कार्यालयातून पाहूनच पैसे द्यावेत.

आपल्याकडे गाडी दसरा-दिवाळीला घेण्याची पद्धत आहे, पण चाचणी मात्र श्रावणात घ्यावी. विक्रेता महामार्गावर फेरी मारून आणेल. त्याला आग्रहाने स्वतःच्या घरापर्यंत न्यावे, गाडी फाटकातून उलटी आत घ्यावी, आणि घरातील सर्वांत वयस्कर माणसाला छत्री मिटून, कोणाचा हात न धरता मागच्या आसनावर बसायला सांगावे.