उंच खिडक्या पुसायच्या वायपरसाठी काठी घ्यायची तर 12 फुटी की 18 फुटी?

दिवाळीच्या साफसफाईच्या आधी हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. मी दोन्ही घेतल्यात, आधी 18 फुटी आणि नंतर 12 फुटी, दोन्ही ॲल्युमिनियमच्या आणि लांब-आखूड होणाऱ्या, त्यामुळे जे लिहितोय ते वापरून लिहितोय. वायपर कुठला, रबर कुठलं, साबणाचं पाणी किती हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

आमचं घर बडोद्यात, दांडिया बाजारात, जुनं आणि दुमजली. जिन्याच्या वळणावर एक उभी खिडकी आहे, काच लँडिंगपासून 6 फुटांवर सुरू होते आणि 13 फुटांवर संपते. उन्हाळाभर धूळ, पावसात त्या धुळीचे ओघळ, उत्तरायणानंतर चौकटीत अडकलेला मांजा, कबुतरं तर बाराही महिने. ही खिडकी स्वच्छ असली की खालच्या चौकापर्यंत उजेड येतो, नाहीतर दिवसासुद्धा जिन्यात दिवा लावावा लागतो. आई सत्तरीची आहे, जिन्यात अंधार नको म्हणून मला ही खिडकी फार महत्त्वाची वाटते.

दुकानदार म्हणाला, "मोटो ज लई जाओ, नानो पछी टूंको पडशे." म्हणजे मोठीच न्या, लहान नंतर आखूड पडेल. मलाही पटलं. लांब असली की पाहिजे तेवढी उघडायची, नको तेव्हा बंद करायची, असाच विचार आपण सगळे करतो ना.

आधी लांबीचा हिशोब सांगतो. काठी सरळ उभी धरून काच पुसली जात नाही, तिरकी धरावी लागते, आणि खालचा हात साधारण कमरेपाशी म्हणजे 3 फुटांवर असतो. 12 फुटी काठी जमिनीशी 60 अंशांत धरली तर साडेदहा फुटांच्या थोडं आतबाहेर उंची मिळते, त्यात कमरेचे 3 मिळवा, म्हणजे तेरा-सव्वातेरा फुटांपर्यंत हात पोचतो. जरा जास्त उभी धरली तर 14 पर्यंत. याच हिशोबाने 8 फुटी 10 फुटांपर्यंत जाते आणि 18 फुटी साडेअठरापर्यंत. तेव्हा वरची कड मोजा, 3 वजा करा, वर दीड-दोन फूट धरा, झालं. काठी अगदी शेवटपर्यंत ताणून वापरायची वेळ येऊ नये, कारण पूर्ण ताणलेली काठी लवते आणि टोकाला जोरच लागत नाही.

पण मला अडलं ते हे नव्हतंच. वरचा भाग 18 फुटीने छान निघाला, अडलं खालच्या अर्ध्यात. तीन भागांची 18 फुटी पूर्ण बंद केली तरी साडेसहा फूट राहते, ती त्याहून लहान होतच नाही, आणि आमचं लँडिंग भिंतीपासून जेमतेम 5 फूट. म्हणजे खालची काच पुसायला काठी आडवी होत गेली की तिचं शेपूट मागच्या भिंतीला आपटतं, मधे धरून बघितलं तर बाकीची लांबी काखेखालून मागे, वळता येत नाही, दोनदा तर गिलाव्याचा पापुद्राच निघाला. शेवटी खालच्या भागासाठी स्टूल आणलं. जिन्याच्या कडेला स्टूल, एका बाजूला उतरत्या पायऱ्या, आणि आई खाली उभी राहून "अरे जपून, जपून". स्टूलवर चढायचं नाही एवढ्यासाठीच तर काठी घेतली होती! हे मला फार लागलं.

म्हणून आता कुणी विचारलं की मी पहिलं हेच सांगतो, उघडल्यावर किती होते ते दुकानदार सांगेलच, तुम्ही विचारा बंद केल्यावर किती राहते. माझी 12 फुटी तीन भागांची आहे, बंद होऊन साडेचार फूट, त्याच लँडिंगवर उभं राहून खालपासून वरपर्यंत सगळी काच होते. मात्र 12 फुटीतही दोन भागांच्या मिळतात, त्या बंद होऊन सहा फुटांच्या पुढेच राहतात, म्हणजे परत तेच दुखणं. तीन भागांत जोड जास्त, थोडी हलते, हे कबूल, पण मला ते चालतं. पिळून घट्ट करायच्या लॉकपेक्षा बाहेरून दाबायची क्लिप असलेली बघा, पिळायचं लॉक ओल्या हाताने नीट आवळलं गेलं नाही की काठी आत सरकते आणि वायपर वाकडा फिरतो, काचेवर रेघ राहते. माझा अनुभव दोनच काठ्यांचा आहे, सगळ्यांच्या तशा असतील असं नाही.

आणखी एक, आणि हे कृपया हलक्यात घेऊ नका. पोळांत, म्हणजे इथल्या जुन्या दाट गल्ल्यांत, विजेच्या तारा खिडकीच्या अगदी हाताशी असतात. ॲल्युमिनियम वीज वाहून नेतं, महाग कार्बन फायबरसुद्धा नेतं. फायबरग्लास कोरडं असताना नेत नाही, पण आपली काठी ओलीच असते. त्यामुळे रस्त्याकडच्या खिडक्या मी आतून हात पोचेल तेवढ्याच पुसतो, बाहेरून काठी लावतच नाही. आणि 18 फुटी तिथे वापरायचीच नसेल तर आमच्यासारख्या घरात तिचा उपयोग तरी कुठे उरतो?

अर्थात गोत्रीकडे किंवा वासणा रोडला नवीन बंगल्यांत हॉल दुप्पट उंचीचे असतात, मागे सरकायला भरपूर जागा, तिथे 18 फुटीच लागेल, 12 पोचणार नाही. माझी 18 फुटी आता आत्येभावाच्या घरी तशाच हॉलमध्ये आहे. वहिनी म्हणाल्या परत मागू नका, म्हटलं मागणारही नाही.