सूफ्लेनहाइमचं बेकेओफे भांडं: घेताना काय पाहावं

फ्रान्सच्या अल्सास प्रांतातलं सूफ्लेनहाइम हे कुंभारांचं छोटं गाव. आगेनोच्या जंगलातल्या मातीवर इथला धंदा उभा राहिला. दुकानात शिरलं की हात आधी फुलाफुलांच्या ताटल्यांकडे जातो. पैसे वसूल होतात ते मात्र बेकेओफेच्या लंबगोल, झाकणाच्या भांड्यात. बेकेओफे म्हणजे मांस आणि बटाट्यांचे थर लावून ओव्हनमध्ये हळू शिजवायचा तिथला पदार्थ.

सहा जणांसाठी गोमांस, डुकराचं आणि मेंढीचं मांस प्रत्येकी अर्धा किलो, दीड किलो बटाटे, कांदे आणि अर्धा लिटर पांढरी वाइन लागते. हे सगळं चार ते पाच लिटरच्या भांड्यात नीट बसतं. त्याहून लहान घेतलं तर रस उतू जाऊन ओव्हनच्या तळाशी करपतो. मांस रात्रभर वाइनमध्ये मुरवायचं, थर लावायचे, झाकणाची फट कणकेने लिंपायची आणि १७० ते १८० अंशांवर तीनेक तास विसरून जायचं. जाड माती हळू तापते, आच सगळीकडून सारखी लागते आणि मांस कोरडं पडत नाही. धातूच्या भांड्यात हे साधत नाही असं नाही, पण लक्ष ठेवावं लागतं.

घेताना टिचकी मारा. आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. झाकण थोडं डुगडुगलं तर चालतं, कणीक ती फट भरून काढते. आतल्या ग्लेझवर, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थरावर, टाचणीएवढी भोकं दिसली तर ते भांडं परत ठेवा. हाताने काढलेल्या नक्षीची रेघ बोटाला किंचित उंच लागते.

ही भांडी फुटतात ती बहुतेक वेळा घाईमुळे. फ्रिजमधून काढलेलं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये गेलं की तडकलंच. थंड ओव्हनमध्ये ठेवून मगच तो सुरू करा. गॅसवर कधीच ठेवू नका. बाहेर काढल्यावर दगडी ओट्यावर नको, लाकडावर ठेवा. बुडाच्या कडेला ग्लेझ नसतं आणि तिथून माती पाणी पिते, म्हणून धुतल्यावर पूर्ण वाळू द्या.

कुगेलहोफ या तिथल्या केकचा साचाही चांगला, पण खाचाखाचांत लोणी फासण्यात कंजूषपणा केला तर केक अर्धा साच्यातच राहतो.

जवळच्याच बेटशडोर्फची राखाडी-निळी, मिठाच्या ग्लेझची भांडी दिसायला देखणी असली तरी ती साठवणीची. ओव्हनसाठी घेऊ नका.